बंदुकीची जुनी काडतुसे आणि रिकाम्या पुंगळ्या : परवानाधारकांनी काय तपासावे?

शिरोळ : पीक संरक्षणासाठी परवाना घेतलेल्या बंदुका गावोगावी आहेत. बंदूक वर्षातून एखाद्या वेळी बाहेर निघते, पण काडतुसे कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात. त्यात शिरोळ तालुका कृष्णा-पंचगंगेच्या काठचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांनी तेव्हाची काडतुसे तपासल्याशिवाय वापरू नयेत.

पुंगळी पुन्हा भरू नका

बार उडताना पितळ फुगते आणि थंड झाल्यावर थोडे आकसते. असे वारंवार झाले की पितळ कडक होऊन तडकते. तोंडाशी उभी चीर, बुडाच्या थोडे वर चकचकीत गोल रेघ, कॅपची जागा सैल झालेली किंवा कॅपभोवती काळा धूर, ही पुंगळी निकामी झाल्याची लक्षणे. अशी पुंगळी पुन्हा उडवली तर बुडाकडून फुटते आणि गरम वायू चेहऱ्यावर, डोळ्यांवर येतो. बारा बोअरच्या प्लॅस्टिक पुंगळीचे तोंडही वारंवार वापराने फाटते, जळते.

कायद्यानेही हे चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना त्याला चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा दारूगोळा बनवण्याला किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

भरलेले काडतूस असे बघा

- बुडाच्या पितळेवर हिरवा थर किंवा गंज असेल तर बाजूला ठेवा.
- कॅप आत दबलेली किंवा बाहेर आलेली नको.
- कागदी काडतूस ओल धरून फुगते, नळीत अडकते. ठोकून बसवू नका.
- भिजलेले काडतूस उन्हात किंवा चुलीपाशी वाळवून वापरू नका.
- लांबी बघा. ६५ मिलिमीटरच्या जुन्या बंदुकीत ७० मिलिमीटरचे काडतूस घालू नका, दाब वाढतो.
- वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते. मागून बारा बोअरचे घालून चाप ओढला तर नळी फुटते. दोन्ही एका डब्यात कधीच ठेवू नका.

बार उडाला नाही तर

लगेच बंदूक उघडू नका. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, कारण बार उशिरा उडू शकतो. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, तर दुसरा बार काढू नका. बंदूक पूर्ण रिकामी करून नळी आरपार दिसते का बघा. आत काही अडकले असेल तर परवानाधारक शस्त्र दुरुस्ती दुकानात न्या.

खराब काडतुसांचे काय करायचे?

विहिरीत, नदीत, उकिरड्यावर टाकू नका, जाळू नका, भंगारवाल्याला देऊ नका. परवाना सोबत घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात विचारा आणि जमा केल्याची पावती घ्या. नवीन काडतुसेही पावतीवरच घ्या, परवान्यावर नोंद करून.

शेतात किंवा नदीकाठी काडतूस सापडले तर हात न लावता ११२ वर कळवा. पोरांना खेळायला देऊ नका. रिकामे दिसणारे काडतूस भरलेले असू शकते.