‘होबा’ : कर्ज की पाप?

कर्ज फेडता न येणारा माणूस पापी ठरतो काय? कामगारांत वावरताना हा प्रश्न आमच्यापुढे पुनःपुन्हा उभा राहतो. म्हणून अरामी भाषेतील ‘होबा’ या शब्दाशी गाठ पडली तेव्हा तो आम्हांला सहजी सोडवेना. त्याचा एक अर्थ कर्ज, दुसरा पाप. सिरियाक या अरामीच्याच शाखेत तो ‘हौबा’ होतो.

जुन्या हिब्रूत पाप हे बहुधा ओझे असे. पापी ते वाही. पुढे इराणी साम्राज्यात अरामी ही दप्तराची भाषा झाली. करारमदार तीत होऊ लागले. नाईलमधल्या एलिफंटाईन बेटावर सापडलेला इ. स. पू. पाचव्या शतकातला एक कर्जरोखा पाहा. शेकेलमागे दरमहा दोन हल्लूर व्याज. चाळीस हल्लूरांचा शेकेल, म्हणजे वर्षाला शेकडा ६०! थकलेले व्याज पुन्हा मुद्दलात. अशा व्यवहारात मुरलेल्या भाषेत पापाचाही हिशेब मांडला गेला. हिब्रू शास्त्रात जिथे मनुष्य ‘पाप वाहतो’, तिथे अरामी भाषांतरात तो ‘होबा’ पत्करतो. सावकाराची वही देवघरात शिरली ती अशी.

पण श्रोतेहो, कर्ज सोडताही येते. त्यासाठीचे क्रियापद ‘श्बक्’. येशूची बोली अरामी. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तयाने ग्रीकमध्ये ‘ऋणे’ असाच शब्द ठेवला. ग्रीक वाचकाला त्यात पाप दिसेना, म्हणून की काय, लूकने ‘पापे’ घातले. मात्र पुढच्याच चरणात ‘ऋणी’ तसाच राहिला. मराठी बायबलातही मत्तयाकडे ऋणे आणि लूककडे पापे आहेत. आणि क्रुसावरच्या ‘मला का सोडलेस’ या आक्रोशातले क्रियापदही हेच, ‘श्बक्’!

प्रार्थनेतले ऋण म्हणजे पापच, असे बहुतेक पंडित सांगतात. असेल. पण गालीलातल्या कुळांना आणि मजुरांना एक अर्थ ऐकताना दुसरा आठवत नसेल, हे आम्हांला पटत नाही. धर्मशास्त्राप्रमाणे दर सातव्या वर्षी कर्जे सुटत. ते वर्ष जवळ आले की धनिक हात आखडत. म्हणून हिल्लेल या शास्त्र्याने ‘प्रोझबूल’ नावाचा लेख काढला. त्याच्या आधारे सातव्या वर्षानंतरही वसुली करता येई. हेतू गरिबाला कर्ज मिळावे हाच होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

इ. स. ६६ मध्ये यरुशलेमात बंड झाले, तेव्हा बंडखोरांनी कर्जरोख्यांचे दप्तर जाळले. ऋणकऱ्यांना आपल्या बाजूला ओढावे, गरिबांना श्रीमंतांविरुद्ध उठवावे, हा त्यांचा हेतू जोसेफसने नोंदवला आहे. तो स्वतः पुरोहित कुळातला. जाळणाऱ्यांविषयी त्याला काडीचे प्रेम नव्हते. म्हणूनच त्याची साक्ष आम्हांला अधिक मोलाची वाटते.