रहस्यकथा आणि वाचकांचा कौल

बाबूराव अर्नाळकर (मृत्यु १९९६) यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. तरी वाङ्मयेतिहासकारांनीं त्यांना फारशी जागा दिली नाहीं. झुंजार, काळा पहाड, धनंजय यांविषयीं वाचकांचें मत मात्र ठाम होतें.

अलिबागेकडील आमच्या घरीं वडीलधारी मंडळी हीं पुस्तकें पोरें बिघडविणारीं मानीत, आणि आम्ही तीं भूगोलाच्या पुस्तकाआड वाचीत असूं. सर्वांत कडक निषेध आमच्या काकांचा. पण भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येतांना लाँचमध्यें एकदां त्यांच्याच हातीं झुंजार दिसला. 'घरीं बोलूं नकोस,' एवढेंच ते म्हणाले.

हा प्रकार एकट्या मराठींतला नव्हे. कॉनन डॉइल यांनीं १८९३ सालीं शेरलॉक होम्सला कथेंत मारलें. वाचकांची मागणी थांबेना, तेव्हां १९०३ सालीं त्याला परत आणावें लागलें.

दुष्टांचें अखेर पारिपत्य होणार, हें अर्नाळकरांच्या वाचकास आधींच ठाऊक असे. टीकाकारांस तो दोष वाटला. वाचक त्याच भरंवशानें पुढचें पुस्तक उघडी. आमच्यासारख्या कित्येकांना वाचनाची गोडी प्रथम या कथांनींच लाविली. त्या वाचकांना वगळून लिहिलेला वाङ्मयेतिहास अपुराच म्हणावा लागेल.