‘सॉरी, केबल ट्रबल’

काही वर्षांपूर्वी रमजानच्या दिवसांत आमच्या गावातल्या एका केबल वाहिनीने आमच्या मोहल्ल्यावर बातमी केली. मशिदीबाहेर उभी असलेली पोलिसांची गाडी, मागे छातीत धडकी भरवणारे संगीत, आणि मोहल्ल्यातल्या एकाही माणसाचा आवाज नाही. ती गाडी दर वर्षी इफ्तारच्या वेळची रहदारी सांभाळायला येते, हे आम्हाला ठाऊक होते. पाहणाऱ्यांना कसे कळणार? दोन बुजुर्ग आणि मी (मराठी अर्ज बरा लिहितो म्हणून मला नेले) तक्रार घेऊन वाहिनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलाने विचारले, “तुमचं कनेक्शन चालू आहे ना चाचा? चित्र नीट दिसतं ना? मग तक्रार कसली?”

पुढे एका जुन्या अमेरिकन खटल्याविषयी वाचताना मला या मुलाची आठवण झाली. कारण अमेरिकेच्या सरकारी आयोगाचे उत्तर जवळजवळ हेच होते.

तिथली व्यवस्था आपल्यापेक्षा वेगळी आहे, ती आधी सांगतो. एनबीसी, सीबीएस ही मोठी नावे देशभर कार्यक्रम पुरवतात, पण ते घराघरांत पोहोचतात गावोगावच्या टीव्ही केंद्रांमार्फत. हवेतल्या लहरी जनतेच्या मानल्या जातात आणि त्या वापरायचा परवाना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, केंद्राला ठरावीक मुदतीसाठी देते. त्या काळी मुदत तीन वर्षांची होती. सार्वजनिक हिताचे काम केले तर नूतनीकरण, असा कायदा होता. प्रत्यक्षात नूतनीकरण आपोआप होई.

मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन. तिथले डब्ल्यूएलबीटी हे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. मालक एक विमा कंपनी, लामार लाइफ. केंद्राच्या मुख्य क्षेत्रातली ४५ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. पडद्यावर मात्र ती जवळपास नव्हतीच. १९५५ मध्ये एनबीसीच्या एका कार्यक्रमात एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील थरगुड मार्शल बोलत असताना जॅक्सनच्या पडद्यावर पाटी आली: ‘सॉरी, केबल ट्रबल’. केबलला काही झाले नव्हते, प्रक्षेपण मुद्दाम तोडले, अशी तक्रार झाली. केंद्राचा व्यवस्थापक वंशभेदाचे समर्थन करणाऱ्या सिटिझन्स कौन्सिलचा सदस्य होता, तेव्हा तक्रारीवर विश्वास बसायला अडचण नाही. वेगळ्या शाळा टिकवा, असे सांगणारे कार्यक्रम या केंद्रावर होत; उत्तर द्यायला वेळ मागितला तर नकार.

एनएएसीपीचे जॅक्सनमधले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स वर्षानुवर्षे असा वेळ मागत होते. अखेर २० मे १९६३ रोजी त्यांना महापौरांच्या भाषणाला उत्तर द्यायला सुमारे सतरा मिनिटे मिळाली. त्यांचा चेहरा त्या दिवशी घराघरांत पोहोचला. १२ जूनला त्यांच्या घराच्या दारातच त्यांची गोळी घालून हत्या झाली.

पुढच्या वर्षी परवान्याची मुदत संपत होती. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या चर्चच्या संपर्क विभागाचे प्रमुख एव्हरेट पार्कर यांनी एक साधी गोष्ट केली. १ ते ७ मार्च १९६४ हा आठवडाभर केंद्रावर काय दाखवले जाते, याची स्वयंसेवकांकडून मिनिटामिनिटाची नोंद करून घेतली. हे स्वयंसेवक स्थानिक गोरे लोक होते आणि त्यांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून नावे गुप्त ठेवली होती. तक्रारीत एक मुद्दा असा होता, की केंद्रावर कृष्णवर्णीयांच्या नावामागे ‘मिस्टर’, ‘मिसेस’ लावत नाहीत. मी शिक्षक आहे. हजेरी घेताना कोणाचे नाव कसे घेतले जाते, यावर वर्गात काय घडते ते मला माहीत आहे. हा मुद्दा मला छोटा वाटत नाही.

चर्चबरोबर अर्जदार होते औषधविक्रेते ॲरन हेन्री आणि किराणा दुकान चालवणारे पाद्री आर. एल. टी. स्मिथ. मागणी होती, परवाना वाढवू नका. एफसीसीने सांगितले, तुम्ही तर नुसते प्रेक्षक. ज्याचा धंदा बुडतो किंवा ज्याच्या प्रक्षेपणात अडथळा येतो, त्यालाच इथे बाजू मांडता येते. चित्र नीट दिसते ना, मग तक्रार कसली? आणि केंद्राला एक वर्षाची मुदतवाढ दिली.

मार्च १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती वॉरेन बर्गर यांनी हा तर्क मोडून काढला. प्रेक्षकांचे ऐकायचे नसेल तर सार्वजनिक हित तपासायचे कोणाला विचारून? बर्गर काही क्रांतिकारक नव्हते, चांगले परंपरावादी होते. एफसीसीने सुनावणी घेतली, पण पुराव्याचा सारा भार तक्रारदारांवर टाकून पुन्हा परवाना दिला. २० जून १९६९ रोजी बर्गर यांनी तो रद्दच केला. तीन दिवसांनी त्यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली.

१९७१ मध्ये एका ना-नफा संस्थेने केंद्र हाती घेतले आणि १९७२ मध्ये विल्यम डिलडे हे कृष्णवर्णीय गृहस्थ त्याचे महाव्यवस्थापक झाले. पुढे कायमचा परवाना कृष्णवर्णीय भागधारकांचे बहुमत असलेल्या कंपनीकडे गेला. तिच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष तेच ॲरन हेन्री.

सांगणारे बहुधा इथे गोष्ट थांबवतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कोणी खलनायक नाही, नुसती खरेदीखते आहेत.

१९५४ पासून एका मालकाला साऱ्या देशात सातच टीव्ही केंद्रे ठेवता येत. १९८५ मध्ये बारा झाली, सोबत देशातल्या २५ टक्के घरांची मर्यादा. अल्पसंख्याकांना केंद्र विकणाऱ्याला करात सवलत १९७८ पासून होती. ती १९९५ मध्ये काँग्रेसने काढून टाकली. १९९६ च्या कायद्याने केंद्रांच्या संख्येची मर्यादाच गेली, टक्का ३५ झाला, परवान्याची मुदत आठ वर्षे झाली. २००३ मध्ये एफसीसीने ४५ टक्के करायचे ठरवले, तेव्हा डाव्या-उजव्या सगळ्यांनी एवढा गदारोळ केला की तडजोड ३९ वर झाली. ३९ च का? दोन बड्या कंपन्या आधीच ३५ च्या वर गेल्या होत्या. ३९ मध्ये दोघीही मावत होत्या आणि कोणालाच काही विकावे लागत नव्हते. मापे घेऊन सदरा शिवावा तसा कायदा.

त्याचे फळ २०१८ मध्ये लोकांनी डोळ्यांनी पाहिले. सिंक्लेअर या कंपनीकडे तेव्हा जवळपास दोनशे केंद्रे होती. गावोगावच्या तिच्या निवेदकांनी खोट्या बातम्यांविषयी इशारा देणारा एकच मजकूर शब्दशः वाचला. कोणीतरी ते तुकडे शेजारी-शेजारी जोडले आणि तो व्हिडिओ जगभर फिरला.

आणि डब्ल्यूएलबीटी? २००० मध्ये ते लिबर्टी कॉर्पोरेशनने घेतले, २००६ मध्ये लिबर्टीलाच रेकॉमने घेतले, २०१९ मध्ये रेकॉमला ग्रे टेलिव्हिजनने. ग्रे ही अटलांटाची कंपनी, शंभराहून अधिक शहरांत तिची केंद्रे आहेत. जॅक्सनचे केंद्र आता वाईट चालते असे मी म्हणत नाही. पण जे मिळवायला पंधराएक वर्षे आणि कितीतरी माणसांची हिंमत लागली, ते तीन कंपन्यांच्या सौद्यांत यादीतली एक ओळ होऊन गेले. मालकीचे नियम सैल करताना अल्पसंख्याक मालकांवर काय परिणाम होईल ते नीट तपासलेले नाही, असे म्हणत एक अपील न्यायालय एफसीसीला वर्षानुवर्षे अडवत होते. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती आडकाठीही काढली.

आपल्याकडे लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले. वाद क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता. ऑगस्ट २०१४ मध्ये ट्राय या नियामक संस्थेने शिफारस केली, की वृत्तपत्र आणि बातम्यांची वाहिनी यांची एकत्र मालकी मोजताना भाषा आणि ती बोलणारे राज्य हा एक बाजार धरावा. म्हणजे महाराष्ट्रात मराठी बातम्या किती जणांच्या हातात आहेत, हे वेगळे मोजावे लागले असते. आधी २००९ मध्येही ट्रायने याच विषयावर शिफारशी केल्या होत्या. दोन्हींचा कायदा झाला नाही.

आमच्या त्या अर्जाची पोच अजून माझ्याकडे आहे. वाहिनीचे नाव मधल्या काळात दोनदा बदलले. काउंटरवरचा मुलगा आता दुसरीकडे कामाला आहे, भेटला की सलाम करतो. मालक कोण होता, ते त्याला आजही सांगता येत नाही.