ट्रॉलीच्या हौद्याला घरी कोटिंग करताना: डब्याची मुदत आणि सुरक्षितता

इचलकरंजी परिसरात, हातकणंगले व शिरोळ तालुक्यांत एकाच ट्रॉलीतून किंवा पिकअपमधून ऊस, शेणखत, रासायनिक खते आणि भाजीपाला यांची वाहतूक होते. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड आणि हवेतील ओल शोषून घेणारी खते पत्र्यावर राहिल्यास हौदा लवकर गंजतो. त्यामुळे गाळप हंगाम संपल्यावर अनेक शेतकरी घरीच पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सीचे जाड कोटिंग करतात. काम सोपे असले तरी जुना डबा आणि अपुरी काळजी यांमुळे खर्च वाया जातो व आरोग्यालाही धोका होतो.

डब्याची मुदत

- खरेदी करताना उत्पादनाची तारीख व मुदत पाहावी. दोन डब्यांच्या संचात रेझिन आणि हार्डनर या दोन्हींवरील तारखा तपासाव्यात.
- पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते ओलाव्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते. म्हणून डबा उघडल्यावर छापील मुदतीवर विसंबू नये. शक्यतो एकाच वेळी संपवावा.
- डबा फुगलेला असेल, वर साय धरली असेल, गाठी किंवा जेली झाली असेल, तर वापरू नये. थिनर घालून असा माल पूर्ववत होत नाही.
- साठवण थंड, कोरड्या जागी करावी. पत्र्याच्या शेडमध्ये, डिझेलजवळ किंवा धान्य व पशुखाद्यासोबत डबे ठेवू नयेत.

मिश्रणाची वेळ

दोन्ही घटक मिसळल्यावर घट्ट होण्याची क्रिया लगेच सुरू होते. तापमान 10 अंशांनी वाढले की कामाचा वेळ साधारण निम्मा होतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम करावे, थोडे थोडे मिश्रण करावे आणि प्रमाण अंदाजाने न घेता मोजून घ्यावे. पावसाळी, दमट हवेत किंवा पत्र्यावर दव असताना कोटिंग करू नये. फोड येतात व पकड राहत नाही.

सुरक्षितता

- आयसोसायनेटचा वास येण्याआधीच ते अपाय करू शकते. वास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो.
- रुमाल किंवा कापडी मास्क उपयोगाचा नाही. मोकळ्या हवेत ब्रश किंवा रोलरने काम करावे. सेंद्रिय बाष्पासाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क, नायट्राइल हातमोजे व चष्मा वापरावा. फवारणीसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो, म्हणून ती घरी करू नये.
- थिनरची बाष्पे हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतात. जवळपास वेल्डिंग, ग्राइंडिंग, विडी-सिगारेट नको. लहान मुले व जनावरे लांब ठेवावीत.
- जुना रंग कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी शिशाची 90 पीपीएम मर्यादा भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, पण औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. ओले करून घासावे आणि निघालेला चुरा गोळा करावा.
- कातडीवर पडल्यास साबण-पाण्याने धुवावे, थिनरने नव्हे. डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. छाती भरून येणे किंवा खोकला काही तासांनी, रात्रीही सुरू होऊ शकतो. तेव्हा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

काम झाल्यावर

हात लावल्यास कोरडे वाटले तरी आतून पूर्ण पक्के होण्यास बहुधा सुमारे आठवडा लागतो. लेबलवरील कालावधी पाळावा. त्यानंतरही भाजीपाला, धान्य किंवा गूळ थेट कोटिंगवर न ठेवता स्वच्छ ताडपत्री किंवा क्रेट वापरावेत. खत वाहून झाल्यावर हौदा धुवावा. ओरखड्यातून पाणी शिरल्यास कोटिंगखालीही गंज पसरतो.

हार्डनरचा ओलावा लागलेला डबा घट्ट बंद करू नये. आत वायू साचून तो फुटू शकतो. उरलेला माल पाटात, ओढ्यात किंवा पंचगंगेत ओतू नये. रिकाम्या डब्यात पाणी, दूध किंवा पेंड कधीही भरू नये. डब्याला छिद्रे पाडून तो निकामी करावा.