पंधरा टक्क्यांची गोष्ट

निगडीहून तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्ककडे येताना त्रिवेणीनगर चौकात रोज दहा-पंधरा मिनिटं जातात. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस आणि मध्ये आम्ही दुचाकीवाले. अशा वेळी वाचायला एकच साहित्य हाताशी असतं, ते म्हणजे होर्डिंग. मोशी-चिखलीतल्या टू बीएचके स्कीम, दहावी-बारावीचे क्लासेस, आणि कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, ज्यावर भाऊंपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो जास्त :-) इतकी वर्षं मी हे सगळं फुकटची करमणूक म्हणून वाचत आलो. ती जागा कुणीतरी घासाघीस करून विकत घेतलेली असते, आणि घासाघीस करणं हीच कुणाची तरी नोकरी असते, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

गेल्या शनिवारी कॉलेजातल्या रूममेटचा फोन आला. आमच्याबरोबर इंजिनीअरिंग केलं, मग एमबीए केलं आणि आता मुंबईत मीडिया बाइंग करतो. म्हणजे क्लायंटच्या पैशातून टीव्हीवरचे सेकंद, पेपरातले कॉलम-सेंटिमीटर, होर्डिंग आणि नेटवरचे क्लिक विकत घेतो. म्हणाला, "अरे, तू कोड लिहितोस, तूच सांग. माझी नोकरी अजून किती वर्षं?" सुरुवातीला चेष्टेत म्हणाला, पण मग कल्याणच्या फ्लॅटच्या हप्त्यावर आला तेव्हा आवाज बदलला होता.

मी पटकन काहीतरी धीर दिला, पण उत्तर माझं मलाच पटलं नाही. मग शनिवार-रविवार बसून या धंद्याचा इतिहास वाचून काढला. त्याचं हे टिपण.

आधी विकणारा, मग घेणारा

आपल्याकडचं पहिलं छापील वृत्तपत्र म्हणजे १७८० चं कलकत्त्याचं हिकीचं 'बेंगॉल गॅझेट'. त्याच्या पूर्ण नावातच 'कलकत्ता जनरल अ‍ॅडव्हर्टायझर' असे शब्द होते! म्हणजे बातमी आणि जाहिरात ही जुळी भावंडं. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, १८३८ मध्ये 'बॉम्बे टाइम्स' निघाला आणि मुंबईत छापील जागा नावाची एक नवी वस्तू तयार झाली. वस्तू आली की दलाल येतोच.

हा दलाल प्रथम नीट दिसतो तो अमेरिकेत. १८४० च्या दशकात फिलाडेल्फियाचा व्होल्नी पामर वर्तमानपत्रांच्या वतीने जागा विके आणि वर्तमानपत्रांकडूनच कमिशन घेई. गंमत बघा, ज्याला आपण आज 'बायर' म्हणतो तो मुळात विक्रेता होता. पुढे १८६५ मध्ये जॉर्ज रोवेलने जागा घाऊक विकत घेऊन किरकोळीत विकायला सुरुवात केली, म्हणजे मार्केट यार्डातल्या आडत्यासारखं. पण त्याचं खरं काम १८६९ चं. त्याने अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांची यादी त्यांच्या खपाच्या अंदाजासकट छापली. तोवर 'आमचा खप अमुक हजार' हे मालक सांगेल ते खरं. रोवेलने ते गुपित फोडलं, आणि फोडतानाच आपल्या धंद्याचा पायाही घातला. जागा कोणीही विकत घेऊ शकतो, तिची खरी किंमत काय हे कळणं अवघड.

मुंबईत गिरगावात १९०५ मध्ये बी. दत्ताराम ही एजन्सी सुरू झाली. देशातल्या सर्वांत जुन्या एजन्सींमध्ये तिचं नाव घेतात. साधारण त्याच काळात एका मराठी कारखानदाराच्या घरात वेगळाच प्रयोग झाला. किर्लोस्करवाडीला नांगर तयार होत होते, पण ते शेतकऱ्यांपर्यंत पोचवायचे कसे? शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिकच काढलं. मीडिया विकत घेण्याऐवजी मीडिया निर्माण केला! पुढे त्यातूनच 'स्त्री' आणि 'मनोहर' आली आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. आज कंपन्या 'कंटेंट मार्केटिंग' म्हणून जे डोक्यावर घेऊन नाचतात, ते वाडीत शंभर वर्षांपूर्वी झालं होतं.

पंधरा टक्के

आता मूळ मुद्दा. एजन्सीने क्लायंटची एक कोटीची जाहिरात पेपरात दिली, तर पेपर एजन्सीला १५ लाख सोडायचा. म्हणजे काम क्लायंटचं आणि पगार पेपरचा. १९३९ मध्ये वृत्तपत्रांच्या मालकांची सोसायटी झाली, आणि तिची मान्यता असलेल्या एजन्सीला पंधरा टक्के कमिशन आणि उधारी, अशी घडी आपल्याकडे बसली. या पंधरा टक्क्यांत सगळं आलं. जाहिरात लिहिणारा, चित्र काढणारा, क्लायंटला जेवायला नेणारा, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर रेट कार्ड घेऊन बसणारा 'मीडिया'वाला. या शेवटच्या माणसाला कुणी विचारत नसे. त्याचं काम म्हणजे रिलीज ऑर्डर पाठवायची, पेपर आला की जाहिरात छापली का ते बघायचं आणि बिल जुळवायचं.

त्याला थोडा भाव आणला आकड्यांनी. १९४८ मध्ये ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स स्थापन झाला आणि खप तपासला जाऊ लागला. १९७० मध्ये पहिला राष्ट्रीय वाचक सर्व्हे झाला. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणांहून. म्हणजे सरकारी रेडिओवरचा धंदा सुरू झाला तो महाराष्ट्रातून. १ जानेवारी १९७६ ला दूरदर्शनवरही जाहिराती आल्या.

पण दूरदर्शनच्या काळात 'बाइंग' असं फारसं नव्हतंच. चॅनेल एक, रेट कार्ड सरकारी, आणि 'रामायण'च्या आधीच्या सेकंदांसाठी रांग. घासाघीस कुणाशी करणार? आमच्या तळवड्याहून गाडीवर वीस-पंचवीस मिनिटांत आकुर्डी येतं. तिथल्या बजाजच्या स्कूटरसाठी एके काळी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. ज्या मालासाठी रांग आहे त्याची जाहिरात कोण कशाला करेल? स्पर्धा आली, रांग संपत आली, आणि १९८९ मध्ये 'हमारा बजाज' टीव्हीवर आलं. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. बाजार खुला झाला की दोन माणसांना एकदम काम मिळतं, जाहिरात लिहिणाऱ्याला आणि जाहिरातीची जागा घेणाऱ्याला.

टेबलावरून केबिनमध्ये

१९९१ ला स्टार, १९९२ ला झी, आणि मग चॅनेलांचा पाऊस. आता कुठल्या चॅनेलवर, किती वाजता, किती वेळा, हे गणित झालं. त्याचा साधा हिशोब असा. ज्या लोकांसाठी जाहिरात आहे त्यांतल्या ४० टक्के लोकांनी ती सरासरी तीन वेळा पाहिली, तर १२० जीआरपी. एकूण खर्चाला त्याने भागलं की एका पॉइंटचा भाव निघतो. दोन चॅनेलची तुलना करायला वजनकाटा मिळाला.

तोवर युरोपातून एक कल्पना आली होती. १९६६ मध्ये फ्रान्समध्ये जिल्बेर ग्रोसने अनेक क्लायंटचे पैसे एकत्र करून घाऊक मीडिया घ्यायला सुरुवात केली. जास्त पैसा म्हणजे जास्त सूट. हीच कंपनी पुढे 'कॅरा' झाली. आपल्याकडे १९८८ मध्ये सॅम बलसारांनी मॅडिसन काढली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोठ्या एजन्सींनी मीडियाचा विभाग तोडून वेगळ्या कंपन्या केल्या. कोपऱ्यातला माणूस केबिनमध्ये आला.

पण पंधरा टक्के गेले. स्पर्धेत मीडियाचं कमिशन दोन-तीन टक्क्यांपर्यंत घसरलं. मग उरलेले पैसे कुठून काढायचे? इथे धंद्याची काळी बाजू सुरू होते. चॅनेलकडून मिळालेली सूट क्लायंटला पूर्ण सांगायची नाही, हा जगभरचा जुना आजार. फ्रान्सला त्यासाठी १९९३ मध्ये खास कायदा करावा लागला.

आणि वजनकाट्यावरही डोळा होताच. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीतल्या फेरफाराचं प्रकरण बाहेर काढलं. 'बार्क'ने न्यूज चॅनेलांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते मार्च २०२२ ला परत सुरू झाले. जवळजवळ दीड वर्षं मीडिया बायर न्यूज चॅनेल काट्याशिवाय विकत घेत होते. मित्र सांगतो, त्या काळात अनुभवी लोकांना जेवढी किंमत होती तेवढी आधी कधीच नव्हती.

आता आमची एन्ट्री

ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं तेव्हा त्यावर ३५० जाहिरातदार होते. २००२ पासून तिथे लिलाव आला. तुम्ही एका क्लिकला २० रुपये लावलेत आणि तुमच्या खालच्याने १४, तर तुम्हाला १४ पेक्षा किंचित जास्त भरावं लागायचं, आणि लोक ज्या जाहिरातीवर जास्त क्लिक करतात तिला झुकतं माप. बघा, घासाघीस करणारा माणूसच मधून गेला. २०१० नंतर हे अख्ख्या नेटवर पसरलं. तुम्ही एखादं पान उघडता, ते पूर्ण दिसायच्या आत सेकंदाच्या दहाव्या भागात लिलाव होऊन जातो. ज्या सौद्याला पामरला टपालाने आठवडे लागत, तो पापणी लवायच्या आत.

सगळं पारदर्शक झालं असं आम्हा इंजिनीअर लोकांना वाटलं होतं. मग मे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसीकडून तपासणी करून घेतली. जाहिरातदाराच्या १०० पेन्सपैकी प्रकाशकापर्यंत पोचले ५१. आणि १५ पेन्स कुठे गेले ते तपासणाऱ्यांना सांगताच आलं नाही!

पंधरा टक्के. जुना दलाल तेवढेच घेत होता, पण निदान बिलावर लिहून :-)

पुढची गोष्टही सांगायला हवी. २०२३ च्या दुसऱ्या तपासणीत तो न सापडणारा हिस्सा ३ टक्क्यांपर्यंत खाली आला. सॉफ्टवेअर आपोआप प्रामाणिक झालं नव्हतं, कुणीतरी चिकाटीने हिशोब मागितला होता.

माझीही एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका जाहिरातीच्या प्रोजेक्टवर मी खर्चाच्या मर्यादेच्या रकान्यात एक शून्य जास्त टाकलं. सिस्टिमने एका रात्रीत दहा दिवसांचे पैसे उडवले आणि सकाळी हिरव्या रंगात 'परफॉर्मन्स उत्तम' असा रिपोर्टही दिला, कारण क्लिक भरपूर आले होते. पकडलं कुणी? पलीकडच्या एका पन्नाशीच्या बायर मॅडमनी. त्या म्हणाल्या, "पहाटे तीन वाजता ट्रॅक्टरच्या जाहिरातीवर एवढे क्लिक? कोण शेतकरी जागा आहे?" ते क्लिक लहान मुलांच्या गेममधले होते. आमच्या कोडमध्ये शेतकरी कधी झोपतो हा रकानाच नव्हता.

मग किती वर्षं?

मित्राची भीती खोटी नाही. २०२४ मध्ये भारतात डिजिटलने टीव्हीला मागे टाकलं. मे २०२५ मध्ये झुकरबर्गने मुलाखतीत सरळ सांगितलं की जाहिरातदाराने फक्त उद्दिष्ट सांगावं आणि बँक खातं जोडावं, बाकी सगळं आम्ही करू. त्याच महिन्यात ग्रुपएम हे नाव बदलून डब्ल्यूपीपी मीडिया झालं, आणि नोव्हेंबरमध्ये ऑम्निकॉमने इंटरपब्लिक गिळली. असं एकत्रीकरण होतं तेव्हा खुर्च्या कमी होतात, हे आम्हा आयटीवाल्यांना कुणी सांगायला नको.

पण इतिहासात या धंद्यातून प्रत्येक वेळी नक्की काय मेलं ते बघा. रिलीज ऑर्डर भरणारा मेला. फक्त रेट कार्ड पाठ असलेला मेला. आता बटणं दाबून बोली लावणारा जाईल. 'हा आकडा खरा कशावरून?' असं विचारणारा मात्र १८६९ पासून टिकून आहे. आणि झुकरबर्गच्या योजनेत जागा विकणारा, ती मोजणारा आणि तिला मार्क देणारा एकच आहे. म्हणजे पेपरचा खप मालकाने सांगावा आणि आपण मान डोलवावी. आपण परत रोवेलच्या आधीच्या काळात चाललोय.

जबाबदारीचंही तसंच. १७ एप्रिल २०२३ ला आमच्याच पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला वादळात अनधिकृत होर्डिंग कोसळलं आणि आडोशाला थांबलेले पाच जण गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं कोसळलं, सतरा जण गेले. स्क्रीनवर ती फक्त स्वस्त आणि भरपूर नजरेची जागा असते. तिची परवानगी आहे का, पाया तपासलाय का, हे विचारायला माणूस लागतो, जो नाही म्हणू शकेल. आणि ज्याचा पगार खर्चाच्या टक्क्यावर आहे, त्याला नाही म्हणणं सगळ्यात जड जातं.

इथे माझीच विकेट पडली. मित्राला टक्क्यावर पैसे मिळतात, आमच्या कंपनीला तासांवर. क्लायंटने जास्त खर्च केला तर त्याचा फायदा, आम्ही जास्त तास लावले तर आमचा. मशीन दोन्ही कामं स्वस्त करतंय. म्हणजे तो मला जो प्रश्न विचारत होता, तोच मी त्याला विचारायला हवा होता. हप्ता मलाही आहे, फक्त कल्याणऐवजी चिखलीचा.

रविवारी रात्री त्याला फोन केला. सांगितलं, "बटणं दाबायचं काम पाच वर्षांत जाईल असं धर. हिशोब तपासायला शीक, डेटा स्वतः काढायला शीक, एसक्यूएल मी शिकवतो. आणि पगार कशावर मिळतो ते बदलता येतं का बघ." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं. आणि तू?"

"मी सोमवारी तो शेतकऱ्याच्या झोपेचा रकाना टाकतो," म्हटलं.

असो. सोमवारी सकाळी चौकात पुन्हा अडकलो. भाऊंचा फ्लेक्स वादळी वाऱ्यात एका बाजूने सुटून फडफडत होता. या वेळी मी फोटो वाचले नाहीत, कोपऱ्यात परवाना क्रमांक आहे का ते शोधत होतो.

नव्हता.