हौशी रॉकेटचं ‘सर्टिफिकेशन’ म्हणजे काय? आणि अहिल्यानगरच्या माळावरून असं रॉकेट उडवता येईल का?

वाळवंटात उभं केलेलं माणसाच्या उंचीचं रॉकेट, उलटी मोजणी, मग धुराची सरळ रेघ. काही सेकंदांनी वर आकाशात रंगीत पॅराशूट उघडतं आणि खाली उभी असलेली मंडळी ओरडायला लागतात. असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. खाली कॅप्शन असतं, ‘गॉट माय एल-वन!’ आणि कमेंटमध्ये कुणीतरी मराठी मुलगा हमखास विचारतो, हे आपल्याकडे करता येतं का?

उत्तर थोडं लांब आहे. रॉकेटचा सांगाडा नगरच्या एखाद्या सुताराच्या दुकानातही बनू शकतो, पण त्यात बसवायची मोटर आणि ते सोडायला लागणारं आकाश या दोन गोष्टी अवघड आहेत.

आधी ‘हाय-पॉवर’ कशाला म्हणतात ते पाहू

रॉकेटच्या मोटरची ताकद इंग्रजी अक्षरांत मोजतात. मोटर किती जोराने ढकलते आणि किती वेळ ढकलते, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण आवेग. तो न्यूटन-सेकंदात मोजला जातो. प्रत्येक पुढच्या अक्षराला त्याची कमाल मर्यादा दुप्पट होते. ‘सी’ मोटरची मर्यादा १०, ‘डी’ची २०, असं करत ‘जी’ला १६० न्यूटन-सेकंद येतात. इथपर्यंत ते मॉडेल रॉकेट. त्यापुढे ‘एच’पासून हाय-पॉवर सुरू होतं. मोटर लहान असली तरी रॉकेटचं वजन दीड किलोच्या वर गेलं किंवा इंधन १२५ ग्रॅमपेक्षा जास्त झालं, तरी ते हाय-पॉवरमध्येच मोजतात.

अमेरिकेत ‘एच’ किंवा त्यावरची मोटर कुणालाही दुकानातून विकत मिळत नाही. आधी प्रमाणपत्र लागतं. ते देणाऱ्या दोन संस्था आहेत. १९५७ मध्ये सुरू झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही एक आणि ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन ही दुसरी. ट्रायपोलीची सुरुवात १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या शाळकरी मुलांच्या विज्ञान क्लबातून झाली.

प्रमाणपत्राच्या तीन पातळ्या आहेत. लेव्हल १ मध्ये एच आणि आय मोटर, लेव्हल २ मध्ये जे, के, एल आणि लेव्हल ३ मध्ये एम, एन, ओ. दुसऱ्या पातळीला उड्डाणाच्या आधी लेखी परीक्षा असते. तिसऱ्या पातळीला रॉकेटचा आराखडा आणि बांधणीची कागदपत्रं आधीच तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी लागतात. लेव्हल ३ ची सर्वात मोठी मोटर ४०,९६० न्यूटन-सेकंदांची, म्हणजे सर्वात लहान ‘एच’च्या अडीचशे पटींहून जास्त. सगळ्यांसाठी वयाची अट १८ वर्षं.

लेव्हल १ चं रॉकेट कसं बनवतात?

इथे अनेकांचा गैरसमज होतो. लेव्हल १ च्या परीक्षेत ‘किती उंच गेलं’ याला मार्क नाहीत. रॉकेट सरळ वर गेलं पाहिजे, पॅराशूट उघडलं पाहिजे आणि खाली आलेलं रॉकेट परत उडवण्याच्या स्थितीत परीक्षकाला दाखवता आलं पाहिजे. त्यामुळे अनुभवी लोक पहिलं रॉकेट मुद्दाम जाड, जड आणि थोडं कंटाळवाणं बनवतात. कमी उंची गाठणारं, डोळ्यांना शेवटपर्यंत दिसणारं.

सांगाडा म्हणजे जाड पुठ्ठ्याची किंवा फायबरग्लासची नळी, साधारण चार इंची. तिच्या आत मोटर बसेल एवढी बारीक नळी असते आणि ती मधोमध राहावी म्हणून प्लायवूडच्या चकत्या लावतात. पंखही प्लायवूडचे. ते नळीवर नुसते बाहेरून चिकटवत नाहीत. नळीला उभ्या खाचा पाडून पंखाचं मूळ आतल्या मोटरच्या नळीपर्यंत नेतात आणि दोन्हीकडून इपॉक्सी भरतात. आपल्याकडे खुर्चीचा पाय जसा सालीत ठोकून बसवतात, तशातलाच हा प्रकार.

मग येतो समतोल. दिवाळीच्या रॉकेटला काडी का असते? ती काढून टाकली की रॉकेट शेजाऱ्याच्या गॅलरीत जातं, हे सगळ्यांना माहीत आहे. उडणाऱ्या वस्तूचं वजन एका बिंदूवर तोललेलं असतं आणि हवेचा दाब दुसऱ्या एका बिंदूवर एकवटलेला असतो. वजनाचा बिंदू पुढे आणि हवेच्या दाबाचा मागे असेल, तरच रॉकेट बाणासारखं सरळ जातं. काडी हेच काम करते आणि मोठ्या रॉकेटात ते पंख करतात. दोन बिंदूंमध्ये किमान नळीच्या एका व्यासाइतकं अंतर हवं, असा हौशी लोकांचा ठोकताळा आहे. चार इंची नळी असेल तर चार इंच. कमी पडलं तर नाकात वजन भरायचं.

आता एक हिशेब करून बघू. समजा, रॉकेट मोटरसकट २ किलोचं आहे. म्हणजे त्याचं वजन साधारण २० न्यूटन. मोटरचा जोर वजनाच्या निदान पाचपट असावा असं मानतात, म्हणजे १०० न्यूटन. मोटर दोन सेकंद जळली तर एकूण आवेग २०० न्यूटन-सेकंद, म्हणजे बरोबर ‘एच’ वर्गात. हे रॉकेट अडीच मीटरच्या ॲल्युमिनियमच्या रेलवरून सुटताना ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण त्याहून खूप हळू सुटलं तर पंखांना हवेची पकड मिळत नाही आणि रॉकेट वाऱ्याकडे वाकतं. मोटर विझेपर्यंत वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातो आणि उंची तीनशे मीटरच्या थोडी वर भरते.

पुढचा सगळा खेळ पॅराशूटचा. मोटर विझल्यावर तिच्यातलाच एक सावकाश जळणारा थर काही सेकंद धूर सोडत राहतो. तो संपला की छोटासा बार होतो, नळीत दाब तयार होतो आणि नाक ढकललं जाऊन पॅराशूट बाहेर पडतं. रॉकेट सर्वात उंच बिंदूवर, जवळजवळ थांबलेलं असतानाच हे व्हायला हवं. उशीर झाला तर रॉकेट तोंड खाली करून वेग घेतं, मग पॅराशूट झटक्यात उघडतं आणि त्याची दोरी पुठ्ठ्याची नळी उभी चिरत जाते. चेन उघडल्यासारखी दिसते, म्हणून त्याला ‘झिपर’ म्हणतात. नाक घट्ट बसलं असेल तर पॅराशूट निघतच नाही. मग २ किलोची वस्तू ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीत घुसते. परीक्षेत नापास होणं ही त्यातली सगळ्यात लहान अडचण.

२ किलोच्या रॉकेटला साधारण एक ते सव्वा मीटर व्यासाचं पॅराशूट लागतं. ते सेकंदाला सहा मीटरने खाली आणतं. तीनशे मीटरवरून खाली यायला ५० सेकंद. तेवढ्यात सेकंदाला पाच मीटरचा वारा असेल तर रॉकेट अडीचशे मीटर लांब वाहत जातं. राहुरी किंवा कोपरगावकडे हे म्हणजे थेट उसाच्या फडात. तिथे रॉकेट शोधायला आत शिरण्याआधी बिबट्याचा विचार करावा लागेल, हे गमतीत सांगितलं असलं तरी खरं आहे.

उड्डाणाच्या दिवशी नियम कडक असतात. एच ते जे मोटरसाठी माणसं रॉकेटपासून किमान १०० फूट, म्हणजे ३० मीटर लांब. सगळ्यात लहान मैदानही एका बाजूने दीड हजार फूट, म्हणजे साडेचारशे मीटर लागतं. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला किंवा ढग खाली आले की उड्डाण रद्द. पेटवणी नेहमी लांबून, विजेच्या तारेने. काडेपेटीला जागा नाही. आणि सगळं नीट करूनही मोटरच फुटली तर? तरीही प्रमाणपत्र नाही. पुन्हा यायचं.

मग हे नगरमध्ये का होत नाही?

रॉकेट या जिल्ह्याला नवीन नाही. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. इतिहासकार ग्रँट डफच्या वर्णनानुसार, चालून येणाऱ्या निजामाच्या फौजेवर रघुजी भोसल्यांच्या सैन्याने रॉकेटांचा वर्षाव केला आणि त्याच वेळी शिंद्यांच्या पलटणींचा सेनानी पेराँ याच्या ३५ तोफा सुरू झाल्या. मराठीत त्या रॉकेटांना ‘बाण’च म्हणायचे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी नगरच्या मातीवरून बाण उडत होते. आज ते हौसेने उडवायचे तर अडचण मोटरपासून सुरू होते.

हौशी मोटरचं इंधन बहुतेक वेळा अमोनियम पर्क्लोरेट आणि रबरासारख्या पदार्थाचं मिश्रण असतं. मोठ्या घन इंधन रॉकेटांतही याच जातीचं इंधन वापरतात. अमेरिकेतही ते स्फोटकांच्या सरकारी यादीत होतं. वर उल्लेख केलेल्या दोन्ही संस्थांनी २००० मध्ये सरकारी यंत्रणेवर खटला भरला आणि २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागून हे इंधन यादीतून बाहेर पडलं. नऊ वर्षं कोर्टात गेली, म्हणून आज तिथे प्रमाणपत्र दाखवून मोटर विकत घेता येते.

भारतात अशी प्रमाणपत्राची रुळलेली व्यवस्था नाही. इथे स्फोटक कायदा १८८४ आणि स्फोटक नियम २००८ लागतात. परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. परवान्याशिवाय स्फोटक बनवलं किंवा परदेशातून आणलं तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. दिवाळीचं रॉकेट चालतं, कारण ते बनवणाऱ्या आणि विकणाऱ्याकडे परवाना असतो. अमेरिकेतल्या चुलतभावाला बॅगेतून मोटर आणायला सांगणं तर डोक्यातूनच काढा. विमानात ती नेताच येत नाही.

यूट्यूबवर घरच्या घरी इंधन शिजवण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. एक तर तो गुन्हा आहे. दुसरं म्हणजे, अमेरिकेतल्या लेव्हल १ च्या परीक्षेतही घरी बनवलेली मोटर चालत नाही. तपासून मान्यता दिलेली कारखान्यातलीच लागते. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर तिथल्या लोकांनी ही अट ठेवली आहे, यातून काय ते कळतं.

दुसरी अडचण आकाशाची. जिल्ह्याच्या उत्तरेला काकडीचं शिर्डी विमानतळ आहे, २०१७ पासून तिथे प्रवासी विमानं उतरतात. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांत लष्कराची के. के. रेंज पसरली आहे, तिथे रणगाड्यांचा सराव चालतो. कर्जतकडे मोकळे माळ आहेत, पण रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे. उरलेल्या जागी शेतमालक तयार झाला, तरी जिल्हा प्रशासन, पोलीस आणि हवाई वाहतूक यंत्रणा यांच्याशी बोलल्याशिवाय काहीशे मीटर वर काही सोडणं हा धोका विमानातल्या लोकांचाही आहे.

इथल्या मुलांसाठी वाट कोणती?

कॉलेजमध्ये असाल तर सगळ्यात सरळ वाट इन-स्पेसच्या स्पर्धेची. अंतराळ क्षेत्रातल्या खासगी कामांना परवानगी देणाऱ्या या केंद्रीय संस्थेने विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट, म्हणजे डब्याएवढ्या उपग्रहाची स्पर्धा सुरू केली. तिची उड्डाणं ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात झाली. विद्यार्थ्यांनी बनवलेलं रॉकेट साधारण एक किलोमीटरवर जातं, उपग्रह सोडतं आणि पॅराशूटने परत येतं. मोटर आणि परवानगी, या ज्या दोन गोष्टींवर एकटा मुलगा अडतो, त्या इथे आयोजकांच्या देखरेखीखाली सुटतात.

दुसरी वाट परदेशी स्पर्धांची. आयआयटी मुंबईसह काही भारतीय टीम अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. तिथे त्या वर्गाचं प्रमाणपत्र असलेली व्यक्ती टीमच्या रॉकेटची जबाबदारी घेते. शिकायला अमेरिकेत गेलेल्यांना तर विद्यापीठाच्या रॉकेट क्लबमधून स्वतःचंच लेव्हल १ करता येतं. अनेकांचा ‘गॉट माय एल-वन’ रील तिथूनच येतो.

आणि शाळेत असाल तर पाण्याचं रॉकेट. कोल्ड्रिंकची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप. बाटली फक्त सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची घ्या, पाण्याची पातळ बाटली दाबाने फुटते. पंप मारताना मोठं माणूस सोबत हवं, डोळ्यांवर चष्मा हवा आणि वर कुणी वाकायचं नाही. पंख आणि समतोलाचे धडे यातही तेच आहेत.

पूर्ण रॉकेट संगणकावर उडवून बघायचं असेल तर ‘ओपनरॉकेट’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून ते तयार झालं आणि आज जगभरातले हौशी लोक तेच वापरतात. त्यात नळी, पंख, मोटर निवडली की वजनाचा आणि हवेच्या दाबाचा बिंदू समोर दिसतो. फक्त उड्डाणाचं ठिकाण भरताना समुद्रसपाटी तशीच ठेवू नका. नगर शहरासाठी उंची ६५० मीटर टाका. हवा थोडी विरळ असल्याने रॉकेट किंचित जास्त वर जातं आणि पॅराशूटही किंचित जास्त वेगाने खाली येतं.