कब्जा : तलवारीच्या मुठीपासून सातबाऱ्यापर्यंत

कब्जा (उर्दू क़ब्ज़ा, पुल्लिंगी) हा मूळ अरबी शब्द. धातूचा अर्थ मुठीत धरणे. तलवारीचा जो भाग मुठीत येतो, त्याला उर्दूत कब्जाच म्हणतात. मराठीत ती मूठ, आणि मुठीजवळ हाताला राखणारा भाग म्हणजे परज. म्यान मात्र फारसी ‘मियान’वरून आलं, म्हणजे मधला भाग, कंबर.

मराठीत तलवार गळाली, ताबा उरला. 1661 मध्ये खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, ते सांगताना आपण ‘खिंडीचा कब्जा’ म्हणतो, तिथे मूठ कुणाला आठवत नाही. उर्दू बोलणारा सुतार बिजागरीला कब्जा म्हणतो. घरात ‘रूह कब्ज झाली’ म्हणतात, हकिमाकडे ‘कब्ज’ म्हणजे बद्धकोष्ठ! पकड सगळीकडे तीच.

कर्जत-खालापुरात हा शब्द सर्वात जास्त ऐकू येतो जमिनीच्या व्यवहारात. साठेखत म्हणजे विकण्याचा करार. मालकी जाते ती नोंदणी केलेल्या खरेदीखताने. पण साठेखतात ‘कब्जा दिला आहे’ असं लिहिलेलं असेल तर मालकी आपली आणि जमीन दुसऱ्याच्या मुठीत. शब्द ओळखीचा म्हणून आपले बुजुर्ग पटकन सही करतात. कागद वाचून दाखवताना बघा, ‘दिला आहे’ लिहिलंय की ‘खरेदीखताच्या वेळी देण्याचा आहे’. जुन्या कागदांत ‘कब्जेदार’ दिसतो, तोच आजच्या सातबाऱ्यावरचा भोगवटादार.